वसुबारसेची गाय

अक्षताला शेणाची कधी घाण वाटली नव्हती. गोमूत्राची नाही, कुजलेल्या पाल्याची नाही, खताच्या खड्ड्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्यांचीही नाही. कृषी पदवीला असताना बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावून लांब उभ्या राहायच्या, तेव्हा ही ढिगात कोपरापर्यंत हात घालून ‘आत किती गरम झालंय बघा’ म्हणून सांगायची. ज्यातून उद्या काहीतरी उगवणार, त्याची कसली शिसारी, असं तिचं साधं म्हणणं. त्या धनत्रयोदशीच्या सकाळी मात्र तिला ओकारी आली. कशाची आली, ते ऐका.

उचगावच्या मागं विजयसिंहांचं एक एकर रान. ते स्वतः राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत, धंदा मोटारींचा, शेती म्हणजे हौस. ऊस घेऊन घेऊन आणि पाणी पाजून पाजून जमिनीचं पार मिठागर झालेलं. वर पांढरा खार फुटायचा आणि खाली गांडूळ औषधालाही सापडत नव्हतं. त्यांनी अक्षताला बोलावलं तेव्हा तिच्याकडं स्वतःची म्हणून उचगावातल्या घराची परसबागच काय ती होती. तिथं भांडी घासलेल्या पाण्यावर तिनं अळू आणि केळी वाढवलेल्या. हे एकर हातात आलं आणि तिनं ते पोटच्या पोरासारखं धरलं.

उताराला आडवे चर काढले, बांधावर शेवगा आणि हदगा लावला. आजूबाजूला लोक उसाचं पाचट पेटवून द्यायचे. ही ते मागून आणायची आणि वाफ्यांवर हातभर जाड अंथरायची. शिबिराच्या स्वयंपाकघराचं सांडपाणी केळीच्या आळ्यात सोडलं. वाफे वळणावळणाचे, वाटा एका गाईपुरत्या, कारण मातीवर जड पाय पडता कामा नये. गोठा मुद्दाम मधोमध, चढाच्या अंगाला, म्हणजे शेणमूत आपसूक चारी बाजूंना जाईल. तीन वर्षं गेली. आता पाचट उचललं की खाली काळी ओलसर माती आणि मूठभर मातीत दोन तरी गांडुळं. ती गांडुळं बघून तिला जे वाटायचं, ते तिनं कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

गोठ्यात गौरी नावाची एकच गाय. तिच्या शेणा-मुतात गूळ, बेसन आणि बांधावरची माती कालवून जीवामृताचं बॅरल भरायचं. लोक शिकायला आले की विजयसिंह बाही सारून त्या बॅरलात कोपरापर्यंत हात घालायचे. मग तोच हात वर धरून म्हणायचे, ‘‘गाय म्हंजे आई! हिचं कायच वाया जात न्हाय!’’ फोटो निघायचे, टाळ्या पडायच्या. अक्षताही वाजवायची. तिला ते खरं वाटायचं.

या वेळचं दोन दिवसांचं शिबिर नेमकं वसुबारसेला लागलं. कोल्हापुरातून, सांगलीतून, पुण्याहून वीसेक माणसं आलेली. विजयसिंहांच्या पत्नी वर्षाराणींनी गौरीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मग सगळ्यांनी पुण्य लुटायला सुरुवात केली. गुळाचे खडे, भिजवलेले गहू, घरून डब्यात आणलेल्या पुरणपोळ्या. जो येईल तो घास भरवतोय आणि बाजूला उभं राहून फोटो काढतोय.

‘‘वहिनीसाहेब, बास करा की आता,’’ अक्षता म्हणाली. ‘‘रवंथ करणारं जनावर हाय. एवढं गोडधोड झेपायचं न्हाय तिला. पोट नासंल.’’

‘‘अगं, सणाचा घास हाय. न्हाय म्हणू नये,’’ वर्षाराणी हसून म्हणाल्या. ‘‘तुमच्यात वसुबारस नसती न्हवं, म्हणून तुला तसं वाटतंय.’’

‘तुमच्यात’ हा शब्द अक्षतानं गिळला. असे शब्द गिळायची सवय पोटाला लहानपणापासून लागलेली असते. संध्याकाळी गौरी बसली ती उठेना. डॉक्टर आले, सुई टोचली आणि मान हलवून गेले. सकाळी बघतात तर गोठ्यात पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, तोंडाला फेस, गळ्यात कालचीच माळ आणि डोळ्यांवर माश्या.

शिबिराची मंडळी केळीच्या आळ्यापलीकडं नाकं दाबून उभी होती. काल जिच्या गळ्यात गळा घालून फोटो काढले, तिच्या जवळ जायला आज कुणाचा पाय उचलत नव्हता. एका बाईंनी तर लांबूनच नमस्कार केला आणि हाताला सॅनिटायझर लावलं.

अक्षताला रडू आलं होतं, पण काम समोर होतं. ती म्हणाली, ‘‘बांधाकडंला तळ्यासाठी काढलेला खड्डा तयारच हाय. खाली पाचट, वर पाचट, मग माती. वर्षात सोन्यासारखं खत हुईल, तिथंच आंबा लावू. ताडपत्रीवर घेऊन वाटेनं ओढत न्यायचं फक्त. वीस माणसं हायत, सहज हुईल.’’

कुणी हललं नाही. गड्यानं, जोतीरामानं, तर तंबाखू मळता मळता मान फिरवली. ‘‘आमी ते करत न्हाय,’’ एवढंच बोलला.

विजयसिंहांनी तिला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ. ‘‘अक्षता, पप्पा घरात हायत न्हवं? बोलव की त्यांस्नी. संगं तुमच्यातली दोघं-तिघं घिऊन या म्हणावं.’’

‘‘पप्पा कशाला, सर?’’

‘‘त्यांस्नी म्हाईत असतंय गं हे.’’

तिला क्षणभर कळेचना. तिच्या पप्पांना, बाबासोंना, काय माहीत असतं? एसटीच्या वर्कशॉपात उभा जन्म गेला त्यांचा, गाड्यांच्या पोटाखाली. मग कळलं आणि डोक्यापासून पायापर्यंत किळस उतरली. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा तिच्या पणज्यानं मेलेली ढोरं ओढायचा दोर गावच्या वेशीत टाकला. त्यापायी गावानं त्यांना पाणी आणि दळण बंद केलं, तरी तो दोर घरातल्या कुणी पुन्हा उचलला नाही. अक्षतानं तर तो बघितलाही नव्हता. आणि हा माणूस, तीन वर्षं तिला ‘आमच्या तज्ज्ञ मॅडम’ म्हणून माइकवरून ओळख करून देणारा, मनात तो दोर जपून ठेवून बसला होता. ती शेवग्याच्या बुंध्याला धरून ओकली. लोकांना वाटलं, वासानं.

एवढ्यात फटफट आवाज करत बाबासोंची स्कूटर आलीच. वर्षाराणींनी आधीच फोन करून ठेवला होता, ‘अक्षताला जरा अडचण झालीया, या.’ लेकीला काय झालं म्हणून माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तसाच धावत आला होता. लेक उभी दिसली तसा त्यांचा जीव भांड्यात पडला.

‘‘जय भीम,’’ ते सगळ्यांना म्हणाले.

‘‘नमस्कार, नमस्कार,’’ विजयसिंह म्हणाले आणि हातानं गोठा दाखवला.

बाबासोंनी गाय बघितली, लांब उभी माणसं बघितली, लेकीचं तोंड बघितलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. तरीही त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘मला का बोलावलंसा?’’

विजयसिंह घड्याळाकडं बघू लागले.

‘‘बोला की विजयसिंहराव. मला का बोलावलंसा?’’

‘‘तसं न्हाय हो... म्हटलं तुम्हाला अनुभव...’’

‘‘कशाचा? एसटीची इंजिनं उतरवल्यात मी. गाय कवा उतरवली न्हाय.’’

कुणीतरी खोकलं. विजयसिंहांचं तोंड लाल झालं आणि मऊपणा गेला. ‘‘ऱ्हाऊ दे मग. जेसीबी बोलावतो. पण अक्षता, गोठा तूच मधोमध बांधलायस. जेसीबी आत यायचा म्हंजे सगळं वाफं तुडवत येणार. चर, केळी, समदं गेलं. वाचवायचं का घालवायचं, तुझ्या हातात हाय बघ.’’

अक्षतानं रानावर नजर फिरवली. तीन वर्षांची माती पाचटाखाली गार निजलेली होती. तिची ती नजर बाबासोंनी बघितली. ते एक पाऊल पुढं आले आणि शर्टाच्या बाहीचं बटण सोडू लागले.

‘‘करतो पोरी मी,’’ ते हळू म्हणाले. ‘‘तुझ्या रानासाठी करतो. काय हुतंय तवा?’’

तिनं त्यांचा हात धरला आणि बटण पुन्हा लावलं. काजात बटण जाता जाईना. मग वळून मोठ्यानं म्हणाली, ‘‘सर, गाय तुमची. आई म्हणायचा तुम्ही तिला. पहिला हात तुम्ही लावा. दुसरा मी लावते. मग पप्पा लावतील, मग हे सगळे.’’

वीस जोडी डोळे विजयसिंहांकडं वळले. त्यांनी गाईकडं बघितलं. एक पाऊल टाकलं, नाही असं नाही. मग रुमाल नाकाला गेला.

‘‘आज धनत्रयोदशी हाय,’’ ते म्हणाले. ‘‘संध्याकाळी घरात पूजा हाय.’’ आणि खिशातून फोन काढला.

जेसीबी आला तो कुंपण पाडूनच. पहिल्या चराचा बांध एका दमात बसला. केळी चाकाखाली काकडीसारख्या फुटल्या. पाचटाचे वाफे दबून असे घट्ट झाले की वर पाणी आलं. लोखंडी खोऱ्यानं गौरीला उचललं, तेव्हा माळ तुटून झेंडूची फुलं चिखलात सांडली. ‘कायच वाया जात न्हाय’ म्हणणाऱ्यांनी एक एकर वाया घालवलं, पण दोराला हात लावला नाही. अक्षता शेवटपर्यंत बघत उभी राहिली. मान फिरवावी असं तिला एकदाही वाटलं नाही.

खड्डा बुजला तसे विजयसिंह नळावर गेले. ‘‘साबण आणा गं,’’ म्हणाले. बाह्या सारून कोपरापर्यंत फेस केला, धुतला, पुन्हा साबण लावला.

‘‘झालं ते झालं,’’ ते तिच्याकडं न बघता म्हणाले. ‘‘दिवाळी झाली की परत आखू सगळं. तुझं डोकं हाय, मला काळजी न्हाय.’’

अक्षता स्कूटरवर बाबासोंच्या मागं बसली. निघता निघता तिनं विचारलं, ‘‘हात कशाला धुताय सर? तुम्हाला कुठं काय लागलंय?’’

विजयसिंहांनी पुन्हा साबण उचलला. ते हात चोळतच राहिले.