वकील आली होती

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास उन्नती कारागृहाच्या दारावर पोचली. विधी सेवेतून गरीब आरोपींची कामं करणारी ही तिशीच्या आतली वकील त्या दाराला नवी नव्हती. मोबाइल जमा केला आणि खिडकीतून कागद आत सरकवले. तिला प्रेमिलाला भेटायचं होतं.

प्रेमिला पारशिवनीकडच्या एका खेड्यातली, पंचेचाळिशीची बाई. नागपुरात एका घरी स्वयंपाकाला होती. पाच दिवस तिथेच राहायची, दोन दिवस गावी जायची. डिसेंबरात त्या घरातल्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. त्या दिवशी ती सुट्टीवर होती, तरी सकाळी अकरा ते बाराच्या मध्ये ती येऊन गेली, असं घरमालकांनी सांगितलं आणि पोलिसांना तेवढं पुरलं. पाटल्या सापडल्या नाहीत म्हणून जामीनही मिळाला नाही. आधीच्या वकिलाने काम मध्येच सोडलं तेव्हा तिचे कागद उन्नतीकडे आले.

खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळून परत केले.

"मॅडम, वकीलपत्रावर कैद्याची सही नाही. सही आना, मंग भेटा."

सही घ्यायलाच तर आले आहे, असं उन्नती म्हणाली. त्याने खांदे उडवले आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

दुसऱ्या खेपेला साहेब राउंडवर होते. तिसऱ्या खेपेला विधी सेवेचं पत्र झेरॉक्स निघालं. मूळ पत्र घेऊन ती चौथ्यांदा गेली, तर आत पाहणी चालली होती आणि भेटी बंद होत्या. दर वेळी ती मुकाट्याने मोबाइल घेऊन परतली. तिचे ज्येष्ठ सहकारी गौरांग यांनी तिला सुरुवातीलाच बजावलं होतं की जेलशी वाकडं घेऊ नये, आपल्याला तिथे रोज जावं लागतं.

आत प्रेमिलाला यातलं काहीच कळलं नाही. तिचा नवरा नत्थूजी दोनदा भेटून गेला होता. काचेपलीकडे फोन कानाला लावून तो नुसता रडला होता. वकिलाचं विचारलं, की पहारेकरीण म्हणे, तुझ्यासाठी कोणी आलंच नाही. बराकीतल्या जुन्या बाया समजावत, कबूल करून टाक, जेवढे दिवस झाले तेवढ्यात सुटशील. चार महिने झाले होते. बारावीची परीक्षा देणारी सोनिका घरी चूल सांभाळून अभ्यास करत होती. लेकीच्या काळजीने प्रेमिलाची झोप उडाली होती.

एप्रिलमध्ये तारीख लागली. प्रेमिलाला कोर्टात आणलं नाही. भिंतीवरच्या पडद्यावर तिचा चेहरा दिसला, आवाज तुटत येत होता. न्यायाधीशांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं.

"हो साहेब. मी केलं."

उन्नती ताडकन उभी राहिली. आपल्याला पक्षकाराला एकदाही भेटू दिलेलं नाही, आधी भेट व्हावी, अशी तिने विनंती केली. न्यायाधीश रागावले नाहीत. त्या दिवशी त्यांच्यापुढे साठ प्रकरणं होती.

"भेट नाकारली, याचा तुमचा अर्ज आहे का रेकॉर्डवर?"

अर्ज नव्हता. लेखी नकारही नव्हता. दारावरून परतल्याच्या चार तारखा होत्या, त्याही फक्त तिच्या डायरीत. मग न्यायाधीशांनी प्रेमिलालाच विचारलं, वकिलाशी बोलायचं आहे का? ज्या वकिलाचं तोंड आपण कधी पाहिलं नाही, तिच्याशी आता काय बोलायचं, असं प्रेमिलाला वाटलं.

"नाही साहेब. मले घरी जाऊ द्या."

भोगलेला तुरुंगवास हीच शिक्षा धरली गेली. संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा उन्नती दारावर थांबली होती. तिने आपण कोण ते सांगितलं आणि चार तारखा सांगितल्या. नत्थूजी पिशवी हातात धरून बाजूला उभा होता. चोरीच्या दिवशी तुम्ही सकाळपासून काय काय केलं, असं उन्नतीने विचारलं. हा प्रश्न प्रेमिलाला आजवर कोणीच विचारला नव्हता.

"गावातच होती मी. रेशनच्या लाइनीत. मशीन अंगठा घेतच नव्हती, दोन-तीनदा लावा लागला."

दोन दिवसांनी उन्नती त्या दुकानात गेली. मशीनच्या नोंदीत तारीख होती, प्रेमिलाचं नाव होतं आणि वेळ होती अकरा बेचाळीस. तिथून नागपूर तासाभराहून जास्त लांब. दहा मिनिटांच्या भेटीत जे कळलं असतं, ते शिक्षा झाल्यावर कळलं.

गावाने मात्र कबुलीच तेवढी ऐकली. पूर्वी कोणाकडे लग्न असलं की वरणभाताच्या अंदाजासाठी आधी प्रेमिलाला बोलावणं यायचं. मे महिन्यात शेजारच्या मांडवात ती सवयीने मदतीला उठली. घरच्या बाईने कपाटाची किल्ली काढून कमरेला खोचली. प्रेमिला हातातली परात खाली ठेवून घरी आली. त्यानंतर ती कोणाच्या लग्नाला गेली नाही.

उन्नतीने रेशनची नोंद जोडून वरच्या न्यायालयात दाद मागितली. कागदांवर अंगठा घ्यायला ती गावी गेली, तेव्हा कबुली मागे घेणं किती अवघड असतं, हेही तिने लपवलं नाही. प्रेमिलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माह्यं जे होईन ते होईन, ताई. पन अंदर अजून लय बाया आहेत. वकील दारावरून वापस गेली, हे त्यायले कोन सांगन?"

त्याच आठवड्यात उन्नतीने जिल्हा न्यायालयात दुसरा अर्ज लिहायला घेतला. भेट नाकारली तर कारण लेखी मिळावं आणि वकील आली होती हे कैद्याला त्याच दिवशी सांगितलं जावं, एवढीच त्यात मागणी होती. गौरांग यांनी मसुदा वाचला आणि पहिलं वाक्य गाळायला सुचवलं. तिने ते गाळलं नाही. ते असं होतं: "मी चार वेळा दारावरून परत आले आणि चारही वेळा गप्प राहिले, त्या गप्प राहण्याची शिक्षा माझ्या पक्षकाराने भोगली आहे."