छत्राच्या कळीतला खडा

"न्यो, तूच बघ बाई. माझ्या डोळ्यांवर सगळा पडदा आलाय," पगोड्याचा कारभार बघणारे म्हातारे ऊ चिट म्हणाले आणि त्यांनी भिंग दॉ न्योच्या हातात दिलं. "पैलू पाडायला शहरात गेला होता हा मोठा खडा. तिथं कुणी बदलून काच दिली नसेल कशावरून?"

"बघा की अक्का, खुशाल बघा!" तिची धाकटी जाऊ मा यिन हसली. "काच निघाली तर मी कानात घालून मिरवीन."

लाखेच्या तबकात दोन हिरवे खडे होते. दोन्ही आमच्याच डोंगरातले पेरिडॉट. वाटाण्याएवढा होता तो दॉ न्योचा. सुपारीएवढा मा यिनचा. पगोड्यावर नवं छत्र चढायचं होतं आणि त्याच्या टोकाच्या सोन्याच्या कळीत एकच खडा बसणार होता. मागच्या महिन्यापर्यंत ती जागा दॉ न्योच्या खड्याला कबूल झालेली होती.

खाणवाले जो राडारोडा टाकून देतात, तो चाळायचा हक्क आमच्याकडे बायकांचा. सापडेल ते जिचं तिचं. दॉ न्यो लग्न होऊन आली तेव्हापासून मोठ्या खाणीच्या तोंडाशी, एका पाइनच्या झाडाखाली बसत आली होती. नवरा गेला त्या वर्षी तिला तिथंच तो छोटा खडा मिळाला. उजेडात धरला की आत एक काळा कण दिसायचा आणि त्याच्याभोवती पातळ, गोल, चकाकणारी चकती. पाण्यावर पसरलेलं कमळाचं पानच. व्यापारी म्हणाला, डाग आहे. तिनं तो विकला नाही. बुद्धमूर्तीपुढं ठेवला आणि रोज पहाटे त्याच्यासमोर बसून पंचशील म्हटलं.

मग ती अष्टमी आली. दॉ न्यो दर अष्टमीला आठ शीलं पाळायची, दुपारनंतर अन्न नाही, दिवसभर पगोड्यात. त्या दिवशी मा यिन तिच्या जागेवर जाऊन बसली. उपास नाही, जप नाही. गालांवर थनाक्याच्या सालीचा उगाळलेला लेप, तोंडात आंबवलेल्या चहाची पानं आणि बाजूच्या बायकांशी अखंड बडबड. दुपारी बोलता बोलता तिच्या हाताला तो सुपारीएवढा खडा लागला.

मी त्या दिवशी जागा सोडली नसती तर. माळ ओढताना दॉ न्योच्या मनात हेच यायचं. भिक्षूंच्या पात्रात भात वाढतानाही यायचं. मा यिननं तो विकला असता तरी एक वेळ चाललं असतं. तिनं तो दान केला, आणि तोही हसत हसत.

दॉ न्योनं भिंग डोळ्याला लावलं. काच असू दे, ती मनात म्हणाली. काचेत असतात तसे गोल बुडबुडे शोधले. एकही नव्हता. खडा जरा कलता केला. तळाच्या पैलूंच्या कडा वरून दुहेरी दिसत होत्या, प्रत्येक रेघेशेजारी तिची जुळी रेघ. काचेत असं कधी दिसत नाही. बाकी आत काही नव्हतं. हिरवं, स्वच्छ, रिकामं.

"काय गं? काच?" ऊ चिटनी विचारलं.

एक 'हो' पुरे होतं. पुन्हा कोण तपासणार होतं? शब्द जिभेवर आला आणि तिथंच राहिला. पहाटेच म्हटलेलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, त्याच्या आड आलं.

"खरा आहे," ती म्हणाली.

"मोठ्यानं बोल."

"खरा आहे. अस्सल."

"मग कळीत हाच. तुझा छत्राच्या खालच्या वेढ्यात लावू. डाग आहे ना त्यात."

"डाग कसला आजोबा!" मा यिन मध्येच म्हणाली. "कमळाचं पान आहे ते."

दॉ न्योनं भिंग तबकात ठेवलं. ते बोलणंसुद्धा तिचंच होतं. तेही मा यिननं घेतलं होतं.

छत्र चढवायच्या दिवशी सगळं गाव जमलं. वरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता येत नाही. पुरुषांनी दोर ओढले, घंटा वाजल्या, आणि सोन्याची कळी हेलकावे खात वर गेली. बायका खाली माना वर करून उभ्या होत्या. मा यिन पहिल्यांदाच गप्प होती. गालांवरच्या थनाक्यातून पाण्याचे ओघळ उतरले होते.

"अक्का," तिनं दॉ न्योचा दंड धरला, "ढिगातला कण दिसतो तुम्हाला. बघा ना. दिसतो का हो माझा?"

वर नुसतं ऊन पेटलं होतं. हिरवं काहीच दिसत नव्हतं.

"दिसतो," दॉ न्यो म्हणाली.

"खरंच? हिरवा?"

"हिरवागार."

"आणि तुमचं पान?"

इतका वेळ ती तेवढंच शोधत होती. तिनं मान खाली घेतली. "ते इथून नाही दिसायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मूर्तीपुढं बसली. खडा होता तिथं लाकडावर एक छोटा गोल ठसा राहिला होता. तीन शीलं नेहमीसारखी म्हणून झाली. चौथ्यापाशी आवाज थांबला. भिंतीपलीकडं मा यिन स्वस्थ घोरत होती.

दॉ न्योनं पुन्हा हात जोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.