बांध सरकला नव्हता

घरात एखाद्यावर सगळ्यांचा राग असला की तो कसा दिसतो, हे तुम्हाआम्हाला कुणी शिकवायला नको. कुणी ओरडत नाही. चहा होतो, पण "तू घेतलास का" असं त्या माणसाला कुणी विचारत नाही. ते माणूस खोलीत आलं की बोलणं थांबतं आणि सगळ्यांना एकदम मोबाईल बघायचा असतो. करंजाड्यातल्या जगन घरतांच्या घरात गेले काही दिवस हेच चाललं होतं, आणि राग होता घरच्या सुनेवर, दिपिकावर.

तिचा गुन्हा एवढाच, की तिनं सासूला डॉक्टरकडे नेलं.

घरत मंडळी मूळची विमानतळात गेलेल्या गावची. जमीन गेली, पैसा आला, करंजाड्यात तीन मजली घर उभं राहिलं. मुलगा हरेश याचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरावर धावतात. दिपिका नवीन पनवेलच्या नोकरदार घरातली, बंदराच्याच एका ऑफिसात कामाला. आणि सासू चंद्रावती म्हणजे धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून धवले गाणारी, विधी सांगणारी बाई. पनवेलपासून उरणपर्यंत तिच्या आवाजाला मान होता. लग्नाची तारीख काढताना लोक आधी चंद्राबाय मोकळी आहे का, ते विचारायचे.

या मानानंच घोळ केला. पाळी जाऊन बारा-एक वर्षं झालेली, आणि एका लग्नसराईत चंद्रावतीला पुन्हा रक्त दिसायला लागलं. कधी थोडं, कधी जास्त. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. धवलारणीला असं काही होतंय म्हटल्यावर लोक काय म्हणतील? हळदीच्या मांडवात शिवताशिवत झाली म्हणतील! त्या भीतीनं बाईनं अख्खी लग्नसराई तशीच काढली. रात्री दोनदोन वाजेपर्यंत गायली आणि पहाटे उठून आपले कपडे आपणच धुतले. आता काय म्हणावं या शहाणपणाला! पण तिला एकटीला तरी का बोल लावा? आपल्या घरोघरी अशा बादल्या वेगळ्या भिजत पडलेल्या असतात आणि आपण त्यांच्याकडे बघत नाही.

दिपिकानं बघितलं. मोरीत कोपऱ्यात भिजत टाकलेला परकर बघितला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून सासूला स्त्रियांच्या कॅन्सरच्या डॉक्टर हेतल यांच्याकडे घेऊन गेली. तपासणीत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघाला. स्कॅन बघून डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता तरी पहिली स्टेज वाटते. पण नेमकी स्टेज ऑपरेशननंतर कळेल, काढलेलं सगळं तपासल्यावर."

हे वाक्य घरातल्या चौघांपैकी तिघांनी ऐकलं होतं, आणि तिघांनीही फक्त "पहिली" एवढंच घरी आणलं. पुढचं वाक्य दवाखान्यातच राहिलं. भीती वाटत असली की आपल्याला हवं तेवढंच ऐकू येतं.

जगन ऑपरेशनला तयार नव्हता. चाकू लागला की कॅन्सर पसरतो, हे त्यानं गावात लहानपणापासून ऐकलेलं. दिपिका त्याच्यापुढे हटून बसली. पहिलीच स्टेज आहे, काढून टाकलं की आई मोकळ्या होतील, असं तिनंच सगळ्यांना पटवलं. ऑपरेशन नीट पार पडलं. चंद्रावती घरी आली, हळूहळू चालायला लागली. मग रिपोर्ट आला, आणि त्यात स्टेज तिसरी निघाली.

घरात जणू दिवे गेले. "पहिली होती," जगन म्हणाला, "चाकू लागला आन तिसरी झाली." त्याच्या मावसभावाला घशाचा कॅन्सर झाला होता, तोही तिसऱ्या स्टेजचा, आणि तो वर्षाच्या आत गेला होता. हरेशनं रात्रभर मोबाईलवर नको ते वाचलं आणि सकाळी त्याचा चेहरा बापासारखा झाला. डॉक्टरांनी पुढे किरणांचे शेक आणि केमोची सलाईन सांगितली होती, जखम भरली की दीड-दोन महिन्यांच्या आत सुरू करा म्हणून बजावलं होतं. जगननं ठरवलं, आता काही नको. एकदा ऐकलं तेवढं पुरे. बाईला निदान सुखानं राहू दे. आणि तिला यातलं काही सांगायचं नाही, गाठ होती, निघाली, एवढंच सांगायचं.

दिवस जात होते, मुदत संपत आली होती. दिपिका रोज विषय काढायची आणि हरेश रोज उठून गाडीकडे जायचा. सगळ्यांत वाईट गोष्ट कुणाला माहीत नव्हती. रात्री उशीत तोंड खुपसून दिपिकाही स्वतःला तेच विचारायची, की खरंच माझ्यामुळे झालं का?

शेवटी विषय चंद्रावतीनंच काढला. दुपारची वेळ होती. दिपिका तिच्या केसांना तेल लावत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"गो पोरी," चंद्रावती म्हणाली, "सगली माज्याशी लय गोड बोलतान आन तुज्याशी कोन बोलत नाय. चाळीस वर्सं लग्नाची घरं बघतंय मी. घरात काय शिजतंय ते मना वासानं कलतं. मी मरतंय का?"

दिपिकाचे हात थांबले. आईंना काही सांगणार नाही, असा हरेशला दिलेला शब्द तिला आठवला. मग तिला ती मुदत आठवली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. पहिली वाटली होती, तिसरी निघाली, पुढची औषधं घ्यायला हवीत आणि घरात कुणी घेऊ देत नाही. सांगता सांगता तिचा बांध फुटला. "आई, मीच तुम्हाला तिथं नेलं. ऑपरेशन मीच करायला लावलं. माझ्यामुळे वाढलं असेल तर मी काय करू?"

चंद्रावतीनं मागे हात नेऊन सुनेचा तेलकट हात धरला आणि आपल्या गालावर ठेवला. "माजं दुखनं, आन रडतंय कोन बघ," ती म्हणाली. "तिसरी म्हंजे शेवटची काय?" दिपिका म्हणाली, नाही, चार असतात. पण यापुढचं तिलाही नीट सांगता येईना. तेव्हा चंद्रावतीनं पदर खोचला. आपल्याला माहीत नाय तर ज्यांना माहीत हाय त्यांना विचारू, असं म्हणाली. आणि एकटीदुकटी नाही, नवऱ्यासकट जायचं.

जगन येणार नाही म्हणाला. चंद्रावती म्हणाली, मग मी रिक्षानं जाते. ऑपरेशनमधून अजून सावरत असलेली बायको रिक्षानं जाणार म्हटल्यावर जगननं मुकाट्यानं चावी घेतली. चौघंही गेले.

डॉक्टर हेतल कुणालाच रागावल्या नाहीत. त्यांनी चंद्रावतीसमोर कागद ओढला आणि गर्भाशयाचं चित्र काढलं. आजार गर्भाशयातच असला की पहिली स्टेज. खाली गर्भाशयाच्या तोंडात उतरला की दुसरी. गर्भाशयाबाहेर पण जवळपास, म्हणजे अंडाशयात किंवा ओटीपोटातल्या चवळीच्या दाण्याएवढ्या ग्रंथींत पोचला की तिसरी. मूत्राशयाच्या, आतड्याच्या आत शिरला किंवा लांब फुप्फुसात, यकृतात गेला की चौथी. "हा आकडा आजार कुठवर पोचलाय ते सांगतो," त्या म्हणाल्या. "किती दिवस उरले, ते नाही सांगत."

जगननं मावसभावाचं नाव काढलं. डॉक्टर म्हणाल्या, घसा वेगळा, गर्भाशय वेगळं. प्रत्येक अवयवाच्या स्टेज वेगळ्या ठरतात, त्यांचे उपचारही वेगळे आणि गुण येणंही वेगळं. तिसरी हा एकच शब्द ऐकून दोन माणसांचं नशीब एक कसं म्हणायचं? इथे एका ग्रंथीत बारीकसा ठिपका सापडला होता. स्कॅनमध्ये दिसणार नाही इतका बारीक, तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसला. ऑपरेशनच्या आधीपासून तो तिथे होता. ऑपरेशननं तो नेऊन ठेवला नव्हता.

जगननं मान हलवली, पण ती न पटलेल्या माणसाची मान होती. "तुमी शिकलेली मानसं," तो म्हणाला. "पन पहिली होती ती तिसरी झाली, हे मी माज्या कानानं ऐकलंय."

तेव्हा चंद्रावती बोलली. आवाज चढवला नाही, सगळ्यांना ऐकू जाईल एवढाच ठेवला.

"काशिरामच्या बांधाचं आठवतंय का तुमाला?"

जगन एकदम तिच्याकडे बघायला लागला. काशिराम त्याचा चुलतभाऊ. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध होता. विमानतळाला जमिनी गेल्या तेव्हा मोजणी झाली, आणि इतकी वर्षं जगन आपली म्हणून कसत होता त्यातली एक पट्टी काशिरामची निघाली. तेव्हापासून दोन घरांचं बोलणं बंद होतं.

"तवा मोजणीवाला आलता," चंद्रावती म्हणाली. "तुमी त्याच्या अंगावर धावून गेलता. म्हनलात, यानंच बांध सरकवला. तो बिचारा म्हनला, शेठ, मी नुसती साखली टाकली. जमीन आदीपासून तशीच हाय. आन आज तुमी परत तेच करताव! मोजलं म्हनून बांध सरकत नाय. कुठवर हाय ते कलतं, एवढंच. तवा मोजणीवाल्यावर राग काढला, आता माज्या पोरीवर काढताव."

डॉक्टर हेतल खाली बघून हसत होत्या, पण त्यांचे डोळे ओले होते. "आजी, मला इतकं सोपं कधी सांगता आलं नाही," त्या म्हणाल्या. मग जगनकडे वळून त्यांनी एकच गोष्ट सांगितली. ग्रंथी न तपासता पहिलीच स्टेज धरून बसलो असतो, तर आजींना घरी पाठवलं असतं आणि तो ठिपका आत तसाच राहिला असता. कुठवर पोचलंय ते कळलं, म्हणूनच कुठवर औषध द्यायचं ते ठरवता आलं. बरं होण्याची खात्री देत नाही, पण उपचार बरे करण्यासाठीच आहेत, आणि वेळ अजून हातात आहे.

जगन पाटीवर हिशोब चुकलेल्या पोरासारखा बसला होता. मग त्यानं सुनेकडे बघितलं. "पोरी, मना लय भीती वाटली," तो म्हणाला. "ती मी तुज्यावर काढली. मना माफ कर." हरेशनं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच आठवड्यात उपचार सुरू झाले. सोपे नव्हते. तोंडाची चव गेली, केस गेले, जिना चढताना मधे बसावं लागायचं. जगन स्वतः गाडी चालवायचा आणि दारात सगळ्यांना सांगायचा, हिची मोजणी झालीय, आता काम चालू हाय. बाई हसायची आणि हसताना थकायची. पुढे तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, आज तरी कुठे काही दिसत नाही, ठरलेल्या वेळी येत राहा. त्या "आज तरी" या शब्दांवर या वेळी घरात कुणी कान बंद केले नाहीत.

पुढच्या लग्नसराईत शेजारच्या रोशनीची हळद होती. चंद्रावतीला बोलावणं आलं. डोक्याला रुमाल बांधून ती मांडवात बसली. आवाज पहिल्यापेक्षा बारीक झाला होता. बायका धवल्याची वाट बघत होत्या, आणि तिनं आधी भलतंच सुरू केलं. म्हणाली, "बायांनो, मागच्या सराईत मी तुमच्या मांडवात गायलंय तवा माज्या अंगावरून जात होतं. पाली गेल्यावर. मी लाजेनं लपवलं. तवाच दाखवलं असतं तर कदाचित पहिल्यातच गावलं असतं. तुमच्यात कोनी लपवत असंल तर उद्याच जा. देवाला त्याचा विटाळ नाय. असता तर त्यानं माजा आवाज ठेवला नसता."

कुणाला खोकला आला, कुणी पदर सावरला. मग चंद्रावतीनं धवला सुरू केला आणि हळद नेहमीसारखी लागली.

पानं वाढायच्या वेळी एक बाई तिच्याजवळ येऊन बसली. सुनीता, काशिरामची बायको. बांधाच्या भांडणापासून दोघींनी एकमेकींकडे बघितलं नव्हतं. सुनीतानं काही न बोलता तिच्या साडीचं टोक बोटात धरलं. चंद्रावतीनं तिचं तोंड बघितलं, आणि वळून दिपिकाला हाक मारली.

दोन दिवसांनी डॉक्टर हेतल यांच्या दवाखान्यात तीन बायका आत गेल्या. बाहेरच्या बाकावर जगन होता आणि दाराशी काशिराम उभा होता, घामेजलेला. बसायचं की नाही ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानंच विचारलं, "तपासलं आन काय निघालं तर?"

मंडळी, हाच प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरात कुठे ना कुठे अडून बसलेला असतो. त्यापायी किती बायका गप्प राहतात आणि किती घरं तपासणाऱ्यालाच दोष देतात. तपासणीनं आजार येत नाही, आणि स्टेज कळल्यानं तो वाढत नाही. तो कुठवर आलाय हे कळलं तरच त्याला अडवता येतं. म्हणून घरातल्या बाईला विचारा, तिचं ऐका, तिला वेळेत न्या, आणि डॉक्टरांचं वाक्य पूर्ण ऐकून घरी या.

"निघालं तर ते आदीपासून होतंच," जगन म्हणाला. "मोजून घे, काशिराम. मग बघू." आणि त्यानं बाकावर सरकून भावाला जागा करून दिली.