टाचेखालचं पोलाद

मी फेस बोलतोय. साबणाचा नव्हे, दुधाचाही नव्हे, पोलादाचा. हसा. विश्वासच्या बायकोला, हेमलताला, पहिल्यांदा हसूच आलं होतं.

गुडगावात शेतं विकून इमारती उगवत होत्या, तेव्हाची गोष्ट. पुण्याची पक्की नोकरी सोडून विश्वास इथे आला आणि भाड्याच्या शेडमध्ये स्टेनलेसच्या भुकटीत फुगवणारी पूड मिसळून भट्टीत घालत बसला. कित्येक घाणे बसले. मग मी फुललो. हेमलताने मला उजेडात धरलं आणि म्हणाली, "जाळी तर अनारशासारखी पडलीये. पण भोकांनी कुणाला बळ येतं होय?"

येतं. पातळ पाइप एकटा असला की वजनाखाली चेपतो. त्याच्या पोटात मी ठासून बसलो की चेपायला जागाच उरत नाही, आणि वजनही फारसं वाढत नाही. बाहेरून तो मला आवळतो, आतून मी त्याला तोलतो. असा आमचा संसार.

नव्या फ्लॅटच्या छताला कडी ठोकायला सोसायटीची मनाई. मग विश्वासने पातळ पाइपच्या स्टँडवर हेमलताला झोपाळा करून दिला आणि वाकणांत मला भरलं. हळदीकुंकवाला चार-चार बायका बसायच्या. हत्तीण आली असती तरी मी हूं की चूं केलं नसतं. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

दिवाळीत उदयसिंह फराळाला आले. त्यांचा बसच्या बॉडी बांधायचा कारखाना. हलके, मजबूत खांब त्यांना हवेच होते. त्यांनी ऑर्डर दिली तर शेड राहणार, नाहीतर विश्वासला पुन्हा नोकरी धरावी लागणार. चांगले धिप्पाड गृहस्थ. झोपाळ्यावर बसले, झोके घेतले, अनारसा खाल्ला आणि स्टँडवर थाप मारून म्हणाले, "पाइप बढ़िया है जी."

पाइप! विश्वासचा चेहरा पडला. तो उठून करवत घेऊन आला.

"अहो, झुलतायत ना ते? मग कापता कशाला?" हेमलता म्हणाली.

"आतलं दिसलं नाही, तर कौतुक पाइपचंच होणार."

आणि त्याने नेमकी वाकणावरच खिडकी कापली. उदयसिंहांनी वाकून मला पाहिलं, बोट फिरवलं, मान डोलावली आणि पुन्हा बसले.

आवळणाराच फाटला, तर मी कुणाला तोलणार? पाइप खिडकीशी दुमडला, मी टुणकन बाहेर, उदयसिंह ताटासकट खाली. उठून त्यांनी कपड्यांवरची खसखस झटकली. रागावले नाहीत, तेच वाईट.

"विश्वासजी, चीज़ अच्छी है. पर मेरी बस में सवारी बैठती है."

शेड गेली. विश्वास आता काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरसमोर बसतो. दुमडलेला पाइप भंगारवाल्याने नेला. मला हेमलताने उचलून न्हाणीघरात ठेवलं, वज्री म्हणून. खरबरीत आहे ना.

तेव्हापासून घरादाराच्या टाचा घासतोय. बसचे खांब पेलायचे होते, पदरी आल्या भेगा. गंजही चढत नाही की सुटका व्हावी. कुणी झोपाळ्याबद्दल विचारलंच, तर विश्वास सांगतो की फेस टिकला नाही.

बाबा रे, रोज मला हातात घेतोस. एकदा चष्मा लावून बघ. माझं एक तरी भोक चेपलंय का?