पाळणाघराचा निरोप समारंभ

अमळनेरजवळच्या त्या गावात कापूस वेचायला जाणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी प्रज्ञा पाळणाघर चालवायची, एका संस्थेच्या अनुदानावर. दिवाळीला अनुदान संपणार होतं. "आता गावाच्या सहभागातून चालवा," असं सांगून संस्थेने हात वर केले.

प्रज्ञाने चावडीच्या ओट्यावर कुलूपबंद डबा ठेवला. ज्याने त्याने गुपचूप, इच्छेनुसार टाकावं. कुणाला ओशाळं वाटू नये, एवढाच तिचा भाबडा विचार. महिन्याने डबा उघडला, तर आत शर्टाचं एक बटण, एसटीची जुनी तिकिटं आणि एक लग्नपत्रिका. गावाने निदान लग्नाला तरी बोलावलं होतं.

पाळणाघर बंद होणार, हे तिने जड मनाने सांगून टाकलं. लेकरं पुन्हा बांधावर, उन्हातान्हात लोळणार होती. लेकरं सांभाळणाऱ्या द्रौपदाअक्का तर त्यांची तोंडं पुसता पुसता आपलेच डोळे पुसायच्या.

माजी सरपंच अभिमननाना मात्र खवळले. "हाई पोरनी आपला पोरे सांभाळात. तिले कोरडीच धाडतस का?"

झालं! निरोपाची वरण-बट्टी ठरली. नानांनी चावडीचा भोंगा लावला. "बन्सीलालआबाकडथीन गहू, एक पोतं!" हे कानावर पडताच आबांचे चुलतभाऊ दोन पोती घेऊन हजर. भाऊबंदकी अशी कधीतरी कामाला येते. खाजा टेलरने छोट्या गोधड्या आणल्या आणि आपलं नाव दोनदा पुकारून घेतलं. तूप आलं, तूरडाळ आली, वांगी आली. गाव जेवून ढेकर देत उठलं, तरी चावडीची खोली धान्याने भरलेलीच.

प्रज्ञाचा पारा चढला. "अक्का, मी महिनाभर हात जोडत होते, तेव्हा कुठे होतं हे सगळं?"

"डबामा टाकेल कोनले दिसस, माय?" अक्का म्हणाल्या. "नाव बठ्ठा गावले ऐकू जावाले पाहिजे."

प्रज्ञा जड पावलांनी धुळ्याच्या नव्या नोकरीवर रुजू झाली. महिन्याने नानांचा फोन आला. "शनिवारले निरोप शे. येजो."

"नाना, निरोप झाला ना?"

"तो पहिला व्हता."

ती गेली. बाहेर भोंगा नावं पुकारत होता. आत पाळणाघरात नव्या गोधड्यांवर लेकरं गाढ झोपलेली आणि अक्का माश्या हाकत बसलेल्या.

"अक्का, तुमचा पगार?"

"गहू, दाळ, तूप. संस्थाना पगारमा तूप व्हतं का कधी?"

प्रज्ञाला हसूही आलं आणि रडूही. "पण नाना, दर महिन्याला निरोप? मग बंद कधी करायचं?"

"येडी शे का तू? निरोप दिधा आम्ही. जाऊ कोठे दिधं?"

प्रज्ञाने डोळे पुसले आणि आपलंही नाव सांगायला ती भोंग्याकडे निघाली.