डाव्या छातीवरची पदकं

ग्लेंडा पिल्चरने सकाळपासून हातातली पर्स चार वेळा उघडून बंद केली होती. आत काय शोधतेय असं कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं. सगळं जागच्या जागी होतं. वडिलांच्या गोळ्या, त्यांचा चष्मा, कार्यक्रमपत्रिका. वडीलही जागच्या जागी होते, चाकाच्या खुर्चीत, करड्या कोटात. कोटाच्या डाव्या बाजूला चार पदकं होती, तिने पहाटे उठून लावलेली. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

नौदलाची ही गोदी चौऱ्याऐंशी साली बंद झाली. हल्ली सप्टेंबरात दोन दिवस तिथे जत्रा भरते आणि दुसरं महायुद्ध पुन्हा सुरू होतं. बायका केसांचे उंच वळसे घालून, ओठ लालभडक रंगवून येतात. पुरुष गणवेशात येतात, आणि त्यातला एकही साधा शिपाई नसतो. जो तो कप्तान नाहीतर वैमानिक. जर्मनांना केवळ अधिकाऱ्यांनीच हरवलं असावं, अशी कुणाचीही समजूत व्हावी. डबाबंद मांसाचे तळलेले काप लोक रांग लावून खातात. त्यांच्या आज्यांना तेच युद्धात नाक दाबून गिळावे लागत होते.

पत्रिकेत दोन वाजताच्या कार्यक्रमापुढे ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘सिरिल पिल्चर, वय ९५. उत्तर समुद्रातल्या ताफ्यांवरचे आपल्या गावातले शेवटचे हयात खलाशी. नौदल छात्रांची मानवंदना.’ हे ग्लेंडाने घडवून आणलं होतं. वाचनालयातून निवृत्त झाल्यावर तिच्याकडे वेळ होता, आणि वडिलांकडे फारसा उरला नव्हता. पदकांवरून पुस्तकांत शोधून काढलेली माहिती घालून तिने समितीला पत्र लिहिलं आणि तीन आठवड्यांपूर्वी वडिलांना बातमी दिली. त्यांनी हातातला पाव ताटलीत ठेवला आणि म्हणाले, “असं होय.” त्यानंतर त्या विषयावर त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

“मिस पिल्चर! बरं झालं भेटलात.” आयोजक रोवेना धावत आली. ती नौदलातल्या बाईच्या गणवेशात होती आणि कानाला मोबाइल लावलेला होता. “निवेदकाला जहाजाचं नाव हवंय. कार्डावर ती जागा कोरी आहे.”

“डॅड, जहाजाचं नाव?” ग्लेंडाने वाकून विचारलं.

“आठवत नाही.”

“अहो, स्वतःचं जहाज कसं विसरलात!”

“मग तूच सांग की.”

रोवेना समजूतदारपणे हसली. “राहू दे हो. या वयात असं व्हायचंच. पावणेदोनला व्यासपीठाशी या म्हणजे झालं.”

ग्लेंडाला ते हसणं झोंबलं. वडिलांची आठवण शाबूत होती. एकोणीसशे एकावन्नचा फुटबॉलचा संघ ते अकराच्या अकरा नावांनिशी सांगायचे. घराच्या मागच्या कुंपणाचा कुठला खांब कुठल्या साली बदलला, तेही. फक्त जहाज तेवढं आठवत नव्हतं, आणि ही गोष्ट तिच्या डोक्यात तीन आठवडे भुणभुणत होती.

ती चहा आणायला गेली. रांगेत तिच्यापुढे एक तरुण होता, त्याच्या कोटाच्या उजव्या बाजूला पदकं होती. “पणजोबांची आहेत,” तो त्याच्यापुढच्या बाईला सांगत होता, “म्हणून उजवीकडे.” हे तिथे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. स्वतः मिळवलेली डावीकडे, घरातल्या गेलेल्या माणसाची उजवीकडे. बाजू चुकवणाऱ्याचा फोटो काढून त्याची गावभर छीथू करणारे लोकही असतात.

चहाचे दोन पेले घेऊन ती परतली, तेव्हा खुर्चीची जागा रिकामी होती.

दीड वाजला होता. तिने पेले तिथेच जमिनीवर ठेवले. बँडच्या तंबूत पाहिलं, जुन्या जीपगाड्यांच्या रांगेत पाहिलं, स्वच्छतागृहाबाहेर “डॅड!” म्हणून हाका मारल्या. हवाई हल्ल्याचा खोटा भोंगा वाजला आणि लोक हसत हसत वाळूच्या पोत्यांमागे पळाले. तिला मात्र खरोखरच धडकी भरली. शेवटी एका अमेरिकन सार्जंटने तिला थांबवलं. तो एरवी त्यांच्याच गल्लीत टपाल टाकायचा.

“तुमच्या वडिलांना शोधताय? मीच सोडलं त्यांना कोरड्या गोदीत, लाकडी जहाजापाशी. म्हणाले, मला मोगरीचा आवाज येतोय, तिकडे ने.”

ती उतारावरून जवळजवळ धावतच खाली गेली. दगडी पायऱ्यांच्या मोठ्या हौदासारख्या त्या गोदीत जुनं जहाज टेकूंवर उभं होतं. फळ्यांच्या फटी कशा बुजवतात ते किथ नावाचा स्वयंसेवक लोकांना दाखवत होता. डांबरात भिजवलेला काथ्या फटीत घालायचा आणि छिन्नीवर मोगरीचे, म्हणजे लाकडी हातोड्याचे, ठोके देऊन आत बसवायचा. वडिलांनी त्याची मोगरी केव्हाच काढून घेतली होती.

“अरे, तू काय खिळा ठोकतोयस?” ते किथला म्हणत होते. “मोगरी वाजली पाहिजे. आवाज बद्द आला की समजायचं, काथ्या बसला नाही. ऐक.” त्यांनी खुर्चीतूनच ठोका दिला. टणत्कार निघाला. घरी चमचा धरताना थरथरणारा हात इथे स्थिर होता.

“डॅड, पावणेदोन झाले! जिवाला घोर लावलात अगदी. चला.”

“ग्लेन, जरा बस.”

“बसायला वेळ नाही हो!”

“बस म्हणतो ना.” हा आवाज तिने गेल्या दहा वर्षांत ऐकला नव्हता. ती दगडी पायरीवर बसली. किथला कळलं असावं, तो लोकांना घेऊन जहाजाच्या पलीकडे गेला.

“चौदाव्या वर्षी मी या गोदीत सुतारकामाला लागलो,” वडील म्हणाले, “आणि कुलूप लागलं त्या दिवशी बाहेर पडलो. मध्ये कुठेही गेलो नाही.”

“युद्धात गेलात ना.”

“नाही गेलो. गोदीच्या कारागिरांना सोडत नव्हते. दोनदा अर्ज केला, दोनदा परत आला. बसमध्ये एका बाईने विचारलं होतं, एवढा धडधाकट आहेस, मग इथे काय करतोस? काय सांगणार? म्हटलं, भोकं बुजवतो.”

ग्लेंडाची नजर त्यांच्या कोटावर गेली. “मग ही?”

“ही अर्नीची. माझा मोठा भाऊ. आगवाला होता, बॉयलरवर. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत बुडाला. खोक्यातून पदकं टपालाने आली, आईच्या नावावर. सरकारने त्यांच्यावर नावसुद्धा कोरलं नव्हतं. आई गेली तेव्हा ती माझ्याकडे आली.”

“मला काका होता?” ती म्हणाली. “आणि मला कुणी सांगितलं नाही? माझ्याशी खोटं का बोललात, डॅड?”

वडिलांनी मोगरी मांडीवर ठेवली.

“मी नाही गं बोललो. तू बोललीस. आठ वर्षांची होतीस. वर्गात कुणीतरी म्हणालं, गोदीवाले युद्धात घरी बसले होते. दुसऱ्या दिवशी तू कपाटातलं खोकं उचललंस, शाळेत नेलंस आणि सांगितलंस, ही माझ्या डॅडची. बाईंनी तुला फळ्यापुढे उभं करून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. घरी आलीस ती उड्या मारतच. मी तोंड उघडणार होतो. पण तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ना, त्या नजरेने आधी कधी पाहिलं नव्हतंस.”

तिला फळा आठवला. टाळ्या आठवल्या. त्यामागचं काही आठवेना, आणि तरी हे खरं आहे हे तिला आतून कळलं.

“त्या रात्री अर्नीचा फोटो भिंतीवरून काढला,” वडील म्हणाले. “आज ना उद्या तू विचारलं असतंस ना, हा कोण म्हणून. तुझ्या आईलाही गप्प बसवलं. मग त्याचं नावच काढता येईना. एकदा नाव निघालं की पदकांची गोष्ट निघायची.”

“त्रेपन्न वर्षं?”

“झाली की.” त्यांनी डोळे पुसले. “हे बघ, पत्रिकेत हे तूच छापून आणलंयस. गाव तुला हसेल. तू म्हणत असशील तर मी जाऊन बसतो. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. गप्प बसायची मला सवय आहे.”

वरून निवेदकाचा आवाज आला: “सभ्य स्त्रीपुरुषहो, थोड्याच वेळात…” ग्लेंडा उठली. तिला पळून जावंसं वाटत होतं. गाडी गाठावी, डॅडना बरं नाही असं कळवून टाकावं. रोवेनाने ते मुकाट्याने मानलंही असतं. मग पदकं पुन्हा खोक्यात, खोकं कपाटात, आणि काही महिन्यांनी, फार तर वर्षाने, अर्नीला आठवणारं जगात कुणीही नाही.

तिने वडिलांच्या कोटावरची पदकांची पट्टी काढली. घाईत टाचणी तिच्या अंगठ्यात शिरली. पट्टी तिने स्वतःच्या कोटावर लावली, उजव्या बाजूला. मग खुर्चीच्या मुठी धरून ती उतार चढू लागली. किथ मदतीला धावला, पण तिने त्याला हात लावू दिला नाही.

व्यासपीठापुढे तीनशे माणसं होती. छात्र दोन रांगांत ताठ उभे होते. लोकांच्या नजरा आधी वडिलांच्या रिकाम्या छातीवर गेल्या आणि मग तिच्या उजव्या बाजूवर. कुजबुज सुरू झाली, कारण एवढं वाचता न येणारं तिथे कुणीच नव्हतं.

“पत्रिकेत छापलंय ते खोटं आहे,” ग्लेंडा माइकमध्ये म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. “पहिल्यांदा ते मीच सांगितलं होतं, शाळेत असताना. ही पदकं माझ्या काकांची आहेत, अर्नेस्ट पिल्चर यांची. मला काका होता हे पाव तासापूर्वीच कळलं. माझे वडील सुतार. ते युद्धावर गेले नाहीत, या गोदीत जहाजं दुरुस्त करत होते. मानवंदना द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.”

कुणीतरी “शी!” म्हणालं. पुढच्या रांगेतला एक कप्तान बायकोला घेऊन उठून गेला. रोवेनाने कपाळाला हात लावला आणि बँडला खूण केली.

पण वडिलांनी माइककडे हात पुढे केला होता. ग्लेंडाने माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

“अर्नी,” ते म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, “आमचा अर्नी.” त्या नावाची जिभेला सवय राहिली नव्हती. “त्याला पोहता येत नव्हतं. नौदलात गेला, पण पोहता येत नव्हतं. बदकांना भ्यायचा. पुढचा दात तुटला होता, त्यातून शीळ घालायचा, आणि आई म्हणायची…”

बँडवाल्याने कर्णा ओठांना लावला होता. ग्लेंडाने दुसऱ्या हाताने त्याला थांबवलं.

“आई काय म्हणायची, डॅड?”

“सांगतो की,” सिरिल पिल्चर म्हणाले. “सगळं सांगतो.”