पेंटरचा ब्रश आणि सीताफळाचं फूल

मी एक जुना ब्रश आहे, मित्रांनो. दात घासायचा नव्हे, आधीच सांगून ठेवतो! पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा, बारीक अक्षरांचा ब्रश. माझे मालक कडुबा पेंटर पडेगावात राहायचे. गुलमंडीच्या बाजारातल्या दुकानांची शटरं आणि बुद्धविहाराच्या कमानीवरची निळी अक्षरं त्यांनी माझ्याच टोकानं काढली. लोक मान वर करून म्हणायचे, "काय हात हाय!" कौतुक हाताचं व्हायचं, माझं नाव कुणी घेत नसे. असो.

पुढं फ्लेक्स आले आणि आमचं काम बसलं. मग कडुबाही गेले. मला शेवटचं धुवायचं राहूनच गेलं. निळा रंग अर्ध्या केसांत वाळला आणि मी डब्यात पडून राहिलो. फार एकटं वाटायचं.

अंगणात कडुबांनी लावलेलं सीताफळ होतं. दरसाल फुलांनी लगडायचं, पण फळ एकही धरत नव्हतं. शेजारणी त्याला वांझ म्हणायच्या. ते ऐकलं की कडुबांची बायको लीलाबाई घरात निघून जायची. यंदा मुलगा धम्मपाल म्हणाला, "माय, दिवाळीपर्यंत पाहू. नायतर झाड काढू अन् तिथं रिक्षा लावू." लीलाबाईनं झाडाला पाणी घातलं आणि ती बुंध्यापाशीच बसून राहिली.

धम्मपालची मुलगी रूपा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिनं मला डब्यातून काढलं, जमेल तेवढं धुतलं आणि आजीला फूल उघडून दाखवलं. "आज्जी, मधी हे स्त्रीकेसर. त्यांच्या टोकाला कुक्षी, बुडाशी अंडाशय. भोवतीनं हे पुंकेसर, त्यांच्यात पराग. पराग कुक्षीवर पडले की फळ धरतं. ते नेणारे किडे इथं राहिले नाहीत, म्हणून आता हा ब्रश."

दोघींनी मला फुलाफुलांत फिरवलं. ज्या फुलाचे पराग, त्याच फुलाच्या कुक्षीला. थोड्याच दिवसांत ती सगळी फुलं गळाली. लीलाबाईनं ती पदरात वेचली.

रूपानं पुस्तक उघडलं आणि कपाळाला हात लावला. "चुकलंच आपलं. हे फूल उघडायला लागतं तेव्हा कुक्षी ओली असते, पण परागकोष बंद. ते दुसऱ्या दिवशी फुटतात, तोवर कुक्षी सुकलेली. एका घरात राहून गाठ पडत नाय, आज्जी."

लीलाबाईला हसू आलं. "आमचंबी तसंच व्हतं की. दुकानं बंद झाल्यावर तुझा आजा शटर रंगवायला जायचा. तो परतायच्या आत मी कामाला गेलेली. मी त्याची भाकर झाकून जायची. मी यायच्या आत तो गेलेला, माझा चहा झाकून. असाच झाला संसार." मग तिनं मला उचललं. "म्हंजी कालच्या फुलाचं आजच्या फुलाला पोचवायचं, व्हय ना?"

"व्हय, आज्जी."

तेव्हापासून रोज सकाळी रूपा काल उघडलेल्या फुलांचे पराग कागदावर झाडून घ्यायची. लीलाबाई मला त्यांत बुडवून आज उघडू लागलेल्या फुलात अलगद फिरवायची. कमान रंगवतानासुद्धा माझ्या जिवाला एवढा घोर नव्हता.

आणि एक फळ धरलं, मित्रांनो! एकच, आणि तेही एका बाजूनं चेपलेलं. रूपा म्हणाली, एकेका अंडाशयाचा एकेक डोळा होतो. पराग पोचले नाहीत तिथला डोळा भरत नाही. माझी कडुबांच्या निळ्या रंगानं कडक झालेली बाजू फिरली होती, तिथलेच डोळे राहिले. मला वाईट वाटलं. पण लीलाबाईनं त्याच खोलगट जागी बोट ठेवलं आणि ती रडली. धम्मपाल झाडाकडं बघत म्हणाला, "राहू दे, माय. रिक्षा बाहेरच बरी हाय."

दिवाळीच्या आधी फळ पिकलं. वांझ म्हणणाऱ्या शेजारणींनाही लीलाबाईनं त्यातलं थोडं थोडं दिलं.

तेव्हा काम झालं की आपला ब्रश तेवढा धुवून ठेवा, बाळांनो. आणि न फळणाऱ्याला नावं ठेवण्याआधी, त्याच्यापर्यंत कुणी पोचलं होतं का, ते विचारा.

परवा लीलाबाईनं मला रॉकेलमध्ये भिजवलं आणि केसांत उरलेला निळा रंग बोटांनी हळूहळू सोडवला. मग कडुबांच्या फोटोपाशी उभं करत म्हणाली, "लई उशीर झाला रे, तुला धुवायला."